उद्या सकाळची चकली

सिंगापुरात, पुंगोलच्या आमच्या घरात दिवाळी आधी कानाला कळते. दुपार कलली की आभाळ गडगडायला लागतं, खालच्या मैदानाजवळ विजेचा इशारा देणारा भोंगा वाजतो, मुलं खेळ अर्धा टाकून आडोशाला पळतात आणि मजल्यामजल्यावरून खिडक्या ओढून घेतल्याचे आवाज येतात. हे रोजच्या रोज होऊ लागलं, की वर्षाच्या शेवटच्या परीक्षा आल्या आणि चकलीची भाजणी काढायची वेळ झाली असं मी समजते. इथे थंडी पडत नाही, पानं गळत नाहीत, पण ऋतू ओळखायला माणसाला काहीतरी खूण लागतेच.

आजही भोंगा वाजून गेलाय. माझी मुलगी ऊर्वी, प्रायमरी थ्रीतली, शेवटचा पेपर देऊन आलीय आणि कढईपासून मी नेमून दिलेल्या अंतरावर उभी राहून देखरेख करतेय. पहिली चकली तेलात सोडली आणि बघता बघता ती विरघळली. तेलावर नुसता भुगा तरंगायला लागला.

"आई, धिस वन स्पॉइल ऑलरेडी," ती इथल्या वळणाच्या इंग्रजीत म्हणाली.

"पहिला घाणा त्यासाठीच असतो. मोहन जास्त झालंय, एवढं कळलं. आता थोडी भाजणी वाढवू."

"देन रेसिपी राँग, इज इट?"

"रेसिपी चूक नाही गं. ती पुण्यातली आहे, इतकंच."

उत्तर तोंडातून गेलं आणि मला हसू आलं. हे एवढं साधं उत्तर शिकायला मला इथला एक अख्खा ऋतू लागला होता. मी तत्त्वज्ञान शिकवते, आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा वाद अशाच एका चकलीवरून रंगला होता. वाद घालणारे माझे पुण्याचे शेवडे सर ह्या आषाढात गेले. दर डिसेंबरात त्यांच्याकडे चकल्या घेऊन जाणारा स्टीलचा कडीचा डबा आज ओट्यावर पुसून ठेवलाय. यंदा तो कुणासाठी भरायचा हे काही माझं ठरत नाहीये. हात मात्र सवयीने चालू आहेत.

त्या वादाच्या वेळी मी शहराच्या दुसऱ्या भागात, बेडोकला राहत होते. इथल्या विद्यापीठात पीएच.डी.साठी आले होते आणि ओळखीच्या ओळखीतून मेधावहिनींच्या फ्लॅटमधली एक खोली मिळाली होती. मेधावहिनी मूळच्या ठाण्याच्या, चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या ऑफिसात कामाला. नवरा कामासाठी बहुतेक जकार्तात. त्यामुळे घरात आम्ही दोघी आणि खिडकीबाहेर बांबूंवर वाळणारे कपडे. आभाळ गडगडलं की जी घरात असेल तिने ते बांबू आत ओढायचे, हा आमच्यातला अलिखित करार. त्या ऑक्टोबरात ते काम माझ्याकडेच आलं, कारण मी दिवसभर घरी बसून अभ्यास करत होते. दिवाळीच्या आठवड्यात माझी तोंडी परीक्षा होती. ती पार पडली तर पुढे संशोधन, नाही तर स्टुडंट पास रद्द आणि पुण्याचं तिकीट.

पण खरी धाकधूक निराळीच होती. पुण्यात सरांनी मला युरोप, म्हणजे तिथला विचार, शिकवला होता. तो त्यांचा प्राणच होता म्हणा ना. आधी ज्यावर कसलीही शंका घेता येणार नाही असं काहीतरी शोधायचं, त्याचा पाया घालायचा, मग त्यावर एकेक मजला चढवायचा. सर फळ्यावर डावीकडून सुरुवात करत आणि तास संपता संपता उजव्या कोपऱ्यात निष्कर्षाखाली रेघ ओढत. मला ती रेघ फार आवडायची. जगात काहीतरी पक्कं आहे, ते आपल्या आधीही होतं आणि आपल्या नंतरही राहणार आहे, असं त्या रेघेकडे बघून वाटायचं. वडील नसलेल्या घरातून आलेल्या मुलीला असल्या पक्केपणाची किती भूक असते, हे सरांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे. इथला अर्ज मला त्यांनीच भरायला लावला होता.

आणि इथे येऊन मी पडले एका अमेरिकन प्रोफेसरांच्या हाती. ते स्वतःला पहिल्या नावाने हाक मारायला सांगत. वर्गातली बाकीची मुलं मारतही. माझ्या जिभेला काही ते जमलं नाही, मी शेवटपर्यंत 'प्रोफेसर'च म्हटलं. मका पिकवणाऱ्या कुठल्याशा सपाट मुलखातून आलेला लांबलचक, वाकलेला माणूस. मी पायापासून मजल्यांपर्यंत सगळं नीट मांडलं की ते हनुवटी खाजवत एकच विचारायचे, "बरं. हे खरं असेल तर उद्या सकाळी काय वेगळं होईल?"

पहिले काही आठवडे मला त्या प्रश्नाचा रागच यायचा. उद्या सकाळी काय व्हायचंय? दूध येईल, बस येईल. सत्याचा आणि सकाळचा काय संबंध?

तो संबंध कळायला सुरुवात झाली ती टिश्यूच्या एका पाकिटापासून. मी नुकतीच आले होते आणि बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेले होते. दुपारची तोबा गर्दी. एवढ्या गर्दीत एक टेबल रिकामं आणि त्यावर कुणाचं तरी टिश्यूचं पाकीट विसरलेलं. मी पडले पुण्याची. दुसऱ्याची वस्तू जिथल्या तिथे पोचवल्याशिवाय घास गिळायचा नाही. हातातलं ताट टेबलावर ठेवलं, पाकीट उचललं, चहाकॉफीच्या स्टॉलवरच्या काकांच्या हातात दिलं आणि परत येऊन त्या टेबलाशी ऐसपैस बसले. काका काहीतरी ओरडत होते, मी त्यांना हात जोडून 'आभार कसले' अशी मान हलवली. तेवढ्यात वाफाळतं सूप घेऊन ऑफिसातली एक बाई येऊन उभी राहिली. माझ्याकडे बघते, टेबलाकडे बघते.

"मिस, आय चोप ऑलरेडी," ती म्हणाली.

चोप म्हणजे जागा धरणं. टेबलावर पाकीट ठेवलं की जागा तुमची, मग खुशाल रांगेत उभं राहा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी इतकी ओशाळले की ताट हातात घेऊन उभीच राहिले. शेवटी तिनेच सरकून मला बसायला जागा दिली आणि जेवताना इथल्या जगण्याच्या आणखी चार गोष्टी सांगितल्या.

ही फजिती मी दोघांनाही सांगितली. सर फोनवर खो खो हसले आणि मग त्यांचा फळ्यासमोरचा आवाज आला, "पण केतकी, हक्क आला कुठून? एका पाकिटाने टेबल माझं कसं होतं, ते आधी सिद्ध करायला नको?" प्रोफेसरही हसले. ते म्हणाले, "उद्या सकाळी सगळ्यांनी ते पाकीट मानायचं बंद केलं तर काय होईल?"

बेडोकच्या त्या टेबलाच्या दोन बाजूंना मला माझे दोन्ही गुरू बसलेले दिसले. जाडजूड पुस्तकांतून कळलं नव्हतं ते तेव्हा थोडंसं उमगलं. युरोपची नजर मागे वळते. हे कशावर उभं आहे, आधी काय होतं, मुळाशी काय आहे? अमेरिकेची पुढे लागते. हे मानून आपण काय करतो आणि केल्यावर काय घडतं? युरोपात विचार करणारा एकटा बसून मनातलं सगळं रिकामं करून बघतो. अमेरिकेत म्हणतात, बसल्या बसल्या हुकमी शंका घेता येत नाही बाबा. शंका यायलाही आधी काहीतरी अडावं लागतं, आणि अडलं की चार जणांना हाताशी घेऊन सोडवावं लागतं. हे अर्थात फार ढोबळ झालं. युरोपातही अनुभवाला मान देणारे होते. अमेरिकेतले कित्येक विचारवंत युरोपचंच वाचून शिकले आणि त्यांच्यातल्या काहींनी आपली उपनिषदंही भक्तिभावाने वाचली. भिंत घालून वेगळे करावेत असे हे दोन मुलूख नाहीत. तरी घराचं वळण म्हणून काही असतंच. जुन्या दगडी गावांत राहणाऱ्याला पाया सुचणार आणि बोचकं घेऊन नव्या मुलखात उतरलेल्याला उद्याची सकाळ.

आम्ही सगळे तरी दुसरं काय होतो? वहिनींचा एम्प्लॉयमेंट पास, माझा स्टुडंट पास. अमुक तारखेपर्यंत ग्राह्य, पुढचं पुढे. तरी त्या मुदतीच्या आयुष्यात वहिनींनी कढीपत्त्याची कुंडी लावली होती आणि ती चांगली तरारली होती.

सरांना माझा कल कुठे झुकतोय हे मी सांगायच्या आधीच कळलं. अमेरिकन विचाराला ते 'दुकानदारांचं तत्त्वज्ञान' म्हणत. खपलं ते खरं. दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न, "काय म्हणतंय दुकान?" परीक्षा जवळ आली तसे ते एकदा गंभीर झाले.

"त्या बाजूने बोलणार असशील तर बोल. पण मला निरुत्तर करेल असं बोल. समज, एक गोड खोटं आहे. त्याच्यावर सगळं घर सुखाने चाललंय. कुणाचं काही अडत नाही. मग तुमच्या हिशेबी ते खरं का?"

 त्यानंतर ते खोटं माझ्या उशाशीच येऊन बसलं. कपड्यांचे बांबू आत ओढताना, बसमध्ये, आंघोळीला जाताना, सारखा तोच प्रश्न. परीक्षेत नापास होण्याची भीती होतीच. पण सरांनी घडवलेली मुलगी सरांच्याच प्रश्नापुढे मुकी झाली तर कुठल्या तोंडाने पुण्यात उतरायचं? मी दुकानात नोकरीला लागले आणि माल पारखायला विसरले असं त्यांना वाटलं असतं, आणि ते मला सहन झालं नसतं.

परीक्षेला दोन-तीन दिवस उरले आणि वहिनींनी जाहीर केलं, "केतकी, पुस्तकं आवर. आज चकल्या."

"वहिनी, परीक्षा आहे हो माझी."

"मग? परीक्षेला काय उपाशी जाणारेस? सोऱ्या धर."

सासूबाईंनी ठाण्याहून पाठवलेलं प्रमाण भिंतीवर चिकटवलं होतं. त्याप्रमाणे सगळं केलं. बाहेर धो धो पाऊस, खिडक्या बंद, स्वयंपाकघरात वाफच वाफ. वहिनींना घाई झाली होती, त्यांनी आच मोठी केली. चकल्या झटपट लालबुंद झाल्या, काटेही सुरेख आले. एक मोडून बघितली तर कटकन आवाज. वहिनी हरखल्या. लगेच सासूबाईंना फोन लावला आणि फोनजवळ चकली नेऊन मोडली.

"आई, ऐकलंत? ऐकलंत ना?"

"ऐकलं गं बाई," पलीकडून आवाज आला. "खाल्ल्यावर सांग."

वहिनींनी गरमगरम चकल्या डब्यात भरल्या, झाकण घट्ट लावलं आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या दिमाखात ऑफिसला नेल्या. संध्याकाळी परतल्या त्या पर्स सोफ्यावर आपटतच.

"लाज गेली माझी! सादळल्या सगळ्या. अगं, लोक 'नाइस, नाइस' म्हणत रबरासारख्या चावत होते. एकाने तर विचारलं, इज इट सपोज्ड टु बी च्युई?"

मी हसून हसून जमिनीवर बसले. हसता हसता मध्येच थांबले आणि वहिनींचा हात धरला.

"काय झालं गं?"

"वहिनी, सरांच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं बहुतेक."

"चकलीत? तुमचा विषय तरी काय आहे नक्की?"

त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा घाट घातला. आच मध्यम ठेवली, तेलातले बुडबुडे शांत होईपर्यंत धीर धरला, चकल्या पसरून पार गार होऊ दिल्या आणि मगच डबा लावला. मध्ये मोहन दोनदा बदललं. भिंतीवरचं प्रमाण तसंच होतं, पण आता त्याच्याकडे वहिनी सल्ला म्हणून बघत होत्या, हुकूम म्हणून नाही.

परीक्षेच्या खोलीत तिघे होते. प्रोफेसर, एक अबोल सिंगापुरी सर, आणि जर्मनीत बरीच वर्षं शिकलेल्या एक बाई, ज्यांच्या मऊ आवाजाची सगळ्यांना धास्ती होती. बाईंनी अर्धा तास मला पायाबद्दलच विचारलं, आणि मग शांतपणे तोच प्रश्न आला. थोडे शब्द इकडेतिकडे, पण तोच. उपयोगी पडणारं खोटं खरं का?

मला क्षणभर वाटलं, सर दाराशी येऊन उभे आहेत.

"आमच्याकडे ह्या दिवसांत चकली करतात," मी सुरुवात केली. "तळलेलं वेटोळं असतं..."

"मुरुक्कू?" अबोल सर पहिल्यांदाच बोलले.

"मुरुक्कूची मावसबहीण. आम्ही ती तळली, मोडली, कुरकुरीत निघाली. म्हणजे चाललं. घर सुखात होतं. मग गरम असतानाच डब्यात भरून झाकण लावलं."

"हॉट हॉट पुट इनसाइड? कॅनॉट!" ते सर कळवळून म्हणाले. त्यांची आईही चिनी नवीन वर्षाला असलंच काहीतरी करत असणार. प्रोफेसर खिडकीबाहेर बघून हसू दाबत होते.

"म्हणूनच," मी म्हटलं. "'चालतं' हे तळल्या तळल्या ठरत नाही. उद्या सकाळी चालतं का, दुसऱ्याच्या तोंडात चालतं का, हेही बघावं लागतं. गोड खोटं चालतं ते कुणी डबा उघडत नाही तोवर. ते चालू ठेवायचं तर झाकणावर सतत बसून राहावं लागतं. खऱ्याला झाकणाची भीती नसते. कुणीही, कधीही उघडावं."

"आणि अशा किती सकाळी थांबायचं?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही. उघडत राहायचं. आणि उघडणारी मी एकटीच नको."

'माहीत नाही' हे शब्द परीक्षेत बोलताना पहिल्यांदाच माझा आवाज कापला नाही.

पास झाल्याचं कळल्यावर आईच्या आधी मी सरांना फोन केला. सगळं सांगितलं.  मग सर हळूच म्हणाले, "म्हणजे चकली डब्यात आधीच मऊ होती. तू झाकण उघडलंस म्हणून ती मऊ झाली नाही. बरोबर?"

"पण सर, उघडल्याशिवाय..."

"ते कळणं झालं, केतकी. असणं निराळं." आणि मग ते मनापासून हसले. "मला हरवलं नाहीस. पण दमवलंस हो! आता चकल्या घेऊन ये, समोरासमोर भांडू."

मला रडू आलं. आजही त्या वाक्यापाशी येतं. मी त्यांच्या वाटेने गेले नाही म्हणून त्यांनी मला परकं केलं नाही, समोरची खुर्ची दिली. एवढं मोठं दान मला दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

मग दर डिसेंबरात तो डबा पुण्याला जाऊ लागला. लग्न झालं, बेडोक सुटलं, पुंगोलचं घर झालं, ऊर्वी आली, तरी डबा चुकला नाही. दरवर्षी सर एक चकली उचलून मोडत, कान देऊन आवाज ऐकत आणि विचारत, "एक कुरकुरीत निघाली म्हणून सगळा डबा कुरकुरीत?" मी म्हणायची, "नाही माहीत. दुसरी खा." काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आतून ओरडायच्या, "तुमचा वाद चालू दे, पण तिखट सोसत नाही तुम्हाला!" गेल्या डिसेंबरात सरांचे बरेच दात पडले होते. त्यांनी चकली चहात बुडवली, निवांत चघळली आणि म्हणाले, "घे, तुझ्या बाजूला एक गुण. कुणासाठी चालते तेही बघायला हवं. मला आता मऊच चालते." फाटकापर्यंत सोडायला आले तेव्हा मात्र काठी टेकत बजावलं, "अजून पटलेलं नाही बरं का."

ते गेले तेव्हा मला लगेच निघता आलं नाही. महिन्याभराने मेधावहिनी भारतात जाऊन आल्या, त्या काकूंकडून हा डबा घेऊन आल्या. रिकामा डबा परत देऊ नये ही आपली रीत. उघडून बघितलं तर काकूंनी तो काठोकाठ भाजणीने भरला होता. निरोप काही नव्हता. आज मी मळतेय ती तीच भाजणी. पुण्याच्या हवेत भाजलेली, इथल्या ओल्या हवेत मोहनाला जरा हटून बसणारी.

चकल्या झाल्या. पसरून गार केल्या. ऊर्वीने एक खाल्ली आणि जाहीर केलं, "वेरी क्रिस्पी!"

"उद्या सकाळी सांग," मी म्हटलं आणि सवयीप्रमाणे सरांच्याच डब्यात भरल्या. कडी लावताना मात्र हात थबकला. कुरकुरीत झाल्यात म्हणणारी माणसं मला पुष्कळ आहेत. पटलं नाही म्हणणारं माणूस गेलं.

सकाळी इथे शाळेच्या वेळेला बाहेर काळोखच असतो. ऊर्वी गणवेश घालून, डोळे चोळत स्वयंपाकघरात आली आणि दुधाच्या आधी तिने डब्याची कडी काढली. चकली मोडली. कटकन आवाज झाला. मी तिच्याकडे बघत उभी राहिले. तिने तुकडा चावला, थोडा विचार केला, मग डब्यात वाकून बघितलं. कपाळाला आठी.

"धिस वन ओके, लाह. बट ओन्ली वन, व्हॉट. हाऊ यू नो द होल डबा ओके?"

मी डबा तिच्यापुढे सरकवला. तिने सरांना एकदाच, तेही मांडीवर झोपायच्या वयात, बघितलं होतं; एरवी डबा घेऊन मी एकटीच जायची.

"नाही माहीत," मी म्हटलं. "दुसरी खा."